कराड ते पुणे: मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचे चार दिवस

अकरावी-बारावीच्या मुलींचे सामने स्मॅशवर कमी आणि सर्व्हिस व पहिल्या पासवर जास्त ठरतात. आकडे मांडले की हे लगेच कळतं. महिलांच्या नेटची उंची २.२४ मीटर. चेंडूचा परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण २१. एकशे साठ सेंटिमीटर उंचीची मुलगी हात वर करून उभी राहिली तर बोटं २.०५ ते २.१० मीटरपर्यंत जातात. नेटच्या वर नीट फटका मारायचा तर हात २.४५ पर्यंत जायला हवा. म्हणजे चाळीस सेंटिमीटरच्या आसपास उडी हवी, तीही अप्रोच घेऊन, म्हणजे धावत येऊन, वेळेवर, आणि लिफ्ट (फटक्यासाठी वर दिलेला चेंडू) अचूक असेल तर. या वयात अशी उडी सामनाभर सातत्याने मारणाऱ्या मुली एका संघात दोन-तीन असतात. बाकीचे गुण सर्व्हिसवर मिळतात आणि रिसेप्शनवर, म्हणजे समोरची सर्व्हिस घेताना, जातात. कराडहून पुण्याला निमंत्रित स्पर्धेसाठी निघालेल्या १९ वर्षांखालील संघाचं बळ आणि दुखणं दोन्ही तिथेच होतं.

एवढ्या लांब येण्याला कारण आहे. शालेय स्पर्धांच्या रचनेत महाराष्ट्राचे आठ विभाग आहेत. सातारा जिल्हा कोल्हापूर विभागात मोडतो, पुणे वेगळ्या विभागात. तालुका, जिल्हा, विभाग असे टप्पे पार केल्याशिवाय पुण्याच्या संघांशी गाठच पडत नाही, आणि पडते ती थेट राज्य स्पर्धेत. त्याआधी त्यांची सर्व्हिस अंगावर घेऊन बघायची असेल तर निमंत्रित स्पर्धा हाच मार्ग उरतो.

पहिला दिवस, गुरुवार: एसटी, स्वारगेट, नळ स्टॉप

बारा मुली, प्रशिक्षक सर आणि सोबत एक मॅडम. मुलींचा संघ बाहेरगावी जाताना महिला शिक्षिका हवीच, आणि ती नावापुरती असून चालत नाही. रात्री पोटात दुखलं, पाळी आली, घरची आठवण आली, तर मुली सरांकडे जात नाहीत, मॅडमकडे जातात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे चौदा जणांच्या संघात पूर्ण तिकीट एकट्या सरांचं. वाचलेल्या पैशात पुण्यात एक वेळचं जेवण निघतं.

कागदपत्रांची फाइल मॅडमच्या हातातल्या पिशवीत होती, सामानात नाही. प्रवेशिकेवर प्राचार्यांची सही आणि शिक्का, प्रत्येकीचं बोनाफाईड, जन्मतारखेचा पुरावा, आधारची प्रत, दोन-दोन फोटो आणि पालकांचं संमतीपत्र. सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. आधारवर वडिलांचं नाव एका प्रकारे, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे. पडताळणीच्या टेबलावर हे निघालं की तासभर जातो आणि मुलगी वॉर्मअपला मुकते. निघण्याच्या आठवडाभर आधी सगळे कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचायचे.

किटमध्ये दहा चेंडू, पंप, तीन सुया, प्रेशर गेज, तीस मीटरचा टेप, चिकटपट्टीचे चार रोल, क्रेप बँडेज, नीपॅडचे दोन जादा जोड. सुई कोरडी घालायची नाही. ग्लिसरीनचा थेंब किंवा निदान पाणी लावून घालायची, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो आणि चेंडू वाया जातो. दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा. बहुतेक गेजवर पीएसआय असतं, तिथे ४.२६ ते ४.६१. गावाकडे चेंडू जास्त टणक भरायची सवय असते, कारण मैदान मऊ आणि चेंडू जुना. टणक चेंडू हातावरून दूर उडतो, पास नेटपलीकडे जातो आणि मुलीला वाटतं आपलंच चुकलं. सरावही सामन्याच्याच दाबावर व्हायला हवा.

जर्सीचा नंबर छातीवर किमान १५ सेंटिमीटर आणि पाठीवर २० सेंटिमीटर उंच लागतो, कॅप्टनच्या नंबरखाली पट्टी. लिबेरोची, म्हणजे फक्त मागे बचाव करणाऱ्या खेळाडूची, जर्सी बाकीच्यांपेक्षा ठळकपणे वेगळ्या रंगाची हवी. छोट्या गावातले संघ इथेच अडतात. एकाच रंगाच्या बारा जर्सी शिवून आणतात, मग लिबेरोला ऐनवेळी कुणाचा तरी टी-शर्ट घालावा लागतो आणि त्यावर नंबर नसतो. या संघाने लिबेरोसाठी दोन वेगळ्या रंगांच्या जर्सी घेतल्या होत्या, कारण एक घामाने भिजते आणि समोरच्या संघाचा रंग काय असेल ते आधी माहीत नसतं. शॉर्ट्स सगळ्यांच्या काळ्या. चार जादा शॉर्ट्स आणि सॅनिटरी पॅडची पाकिटं किटबॅगेच्या बाजूच्या कप्प्यात, कुणालाही न विचारता घेता येतील अशी. ही सोय उघडपणे केलेली असली की मुली पाळीच्या दिवसांतही मोकळेपणाने पळतात. नसली की जपून खेळतात, आणि जपून खेळणारी मुलगी चेंडूपर्यंत पोचत नाही.

कराड ते स्वारगेट साधारण १६० किलोमीटर. साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा सगळ्यांना खाली उतरवून चालायला लावलं. चार तास गुडघे दुमडून बसलं की मांडीमागचे स्नायू आखडतात आणि संध्याकाळची पहिली उडी पाठीवर येते. खंबाटकीला पुण्याकडे जाणारी वाहतूक बोगद्यातून, पुढे खेड शिवापूर, कात्रजचा बोगदा, आणि शहर सुरू.

स्वारगेटहून मेट्रो. सामान एक्सरे मशीनमधून जातं, म्हणून चेंडूंची जाळी सगळ्यात आधी सरकवावी, ती अडकते. सिव्हिल कोर्टला गाडी बदलून वनाजकडची घेतली आणि नळ स्टॉपला उतरलं. दुपारी रिक्षांनी जायचं तर चार रिक्षा, चार वेगवेगळे भाव आणि एक रिक्षा हमखास दुसऱ्याच गेटवर. मेट्रोत संघ एकत्र राहतो.

मुक्काम शाळेच्या वर्गखोल्यांत, सतरंज्यांवर. संध्याकाळी चेंडूला हात नाही. वीस मिनिटं चालणं, वीस मिनिटं स्ट्रेचिंग आणि दहा वाजता दिवे बंद. मोबाईल मॅडमकडे. नोव्हेंबरात पुण्यात पहाटे चांगली थंडी असते आणि फरशीतून गारवा वर येतो. सतरंजीखाली जुन्या वर्तमानपत्रांचे चार थर टाकले की पाठ धरत नाही.

दुसरा दिवस, शुक्रवार: मुरमाचं मैदान

पहिले दोन साखळी सामने बाहेरच्या मैदानावर. संघ सामन्याच्या दीड तास आधी पोचला आणि सरांनी सर्वांत आधी टेप काढला. आयोजकांवर संशय घेण्याचा प्रश्न नाही. रात्रीतून दोर सैल पडतो, खांब झुकतो, आणि सकाळी कुणी पाहिलेलं नसतं.

नेटची उंची मोजायची ती मैदानाच्या मधोमध. तिथे २.२४ हवी. दोन्ही साइडलाइनवर ती एकसारखी हवी आणि मधल्यापेक्षा २ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. बहुतेक ठिकाणी खांबाजवळ मोजून हुक लावतात आणि नेट मध्ये पाच-सहा सेंटिमीटर पोट सोडतं. उंची २.१८ वर आली की मधल्या ब्लॉकरला फुकटचा फायदा होतो, आणि दुसऱ्या दिवशी नीट ताणलेल्या नेटवर त्याच मुलीचे फटके नेटमध्ये जातात. उपाय सोपा. वरची तार आधी पूर्ण ताणायची, मग खालचा दोर, मग पुन्हा वरची. उंची मोजायची काठी नसेल तर बांबूवर २.२४ आणि २.२६ अशा दोन खुणा करून ठेवाव्यात. अँटेना, म्हणजे नेटच्या कडेची उभी काठी, १.८० मीटर लांब, नेटच्या वर ८० सेंटिमीटर, आणि बरोबर साइडलाइनच्या वर. अँटेना आत सरकली की आत आलेला चेंडूही बाहेरून आलेला ठरतो आणि वाद सुरू होतात.

मैदान १८ बाय ९ मीटर. फक्कीची रेषा ५ सेंटिमीटर जाड आणि ती मैदानाच्या मापात धरायची, बाहेर नाही. काटकोन बरोबर आहे का हे कर्णाने कळतं. अर्ध्या मैदानाचा कर्ण १२.७३ मीटर, पूर्ण मैदानाचा २०.१२. दोन्ही कर्ण सारखे आले की मैदान चौकोनी आहे. मुरमावर आदल्या संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवलेला असला तर सकाळी धूळ उडत नाही. सकाळी मारलेलं पाणी मात्र वरच राहतं आणि बूट घसरतात. त्या दिवशी एका कोपऱ्यात तसा ओला पट्टा राहिला होता. तिथे कोरडा मुरूम टाकून पायाने दाबून घेतला.

वॉर्मअपमध्येच वारा कुठून आहे ते बघायचं. थोडी माती उचलून सोडली की कळतं. टॉस जिंकणाऱ्याला सर्व्हिस किंवा रिसेप्शन यांपैकी एक, किंवा बाजू निवडता येते, आणि दुसऱ्या संघाला उरलेलं. सकाळी ऊन तिरपं असताना आणि वारा असताना पहिली सर्व्हिस घेण्यापेक्षा बाजू निवडणं शहाणपणाचं. सर्व्हिस करणाऱ्याच्या तोंडावर वारा असेल तर फ्लोटिंग (न फिरता तरंगत येणारी) सर्व्हिस नेट ओलांडून अचानक पडते. म्हणून समोरच्यांनी रिसेप्शनची ओळ अर्धा मीटर पुढे घ्यायची. वारा पाठीमागून असेल तर चेंडू लांबतो. तेव्हा ओळ मागे न्यायची, पण त्यातल्या बऱ्याच सर्व्हिस आऊट जातात, त्या सोडायला धीर लागतो. ‘सोड’ ही हाक मागच्या मुलीने द्यायची, कारण एंडलाइन तिच्या पायाशी असते.

पहिला सामना दोन सेटमध्ये गेला. दोन्ही सेट जवळजवळ एकाच कारणाने. समोरच्या संघाकडे ओव्हरहँड फ्लोटर करणाऱ्या दोन मुली होत्या आणि त्या पाच नंबरच्या कोपऱ्यात, म्हणजे डाव्या मागच्या बाजूला, सतत टाकत राहिल्या. कराडच्या मुली हात खालून वर झुलवत पास देत होत्या. ही सवय शूटिंग व्हॉलीबॉलमधून येते. कराड-वाळवा पट्ट्यात गावोगाव शूटिंगचे सामने होतात. तिथे जोडलेल्या मुठींनी चेंडू जोरात उडवणं हेच कसब आहे, आणि लहानपणापासून हात तसेच वळलेले असतात. व्हॉलीबॉलच्या रिसेप्शनला तो झोका घातक ठरतो. चेंडू स्वतःच वेग घेऊन येतो, हाताने आणखी दिला की तो थेट पलीकडे किंवा मागे जातो.

योग्य पास असा. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, एक पाय अर्धं पाऊल पुढे. वजन चवड्यांवर. कोपरं सरळ आणि लॉक, अंगठे शेजारी-शेजारी आणि मनगटं खाली दाबलेली, म्हणजे मनगटाच्या वरचा सपाट भाग उघडा होतो. चेंडू तिथेच लागायला हवा, मुठीवर किंवा कोपराजवळ नाही. खांदे कानाकडे थोडे उचललेले. हात मांडीपासून दूर, आणि चेंडू येण्याआधी तयार. वेगवान सर्व्हिसला हात जागेवर धरायचे, किंबहुना किंचित मागे ओढायचे. मंद सर्व्हिसला उंची द्यायची ती गुडघे सरळ करून. पासचं लक्ष्य नेटपासून एक मीटर आत आणि उजव्या साइडलाइनपासून तीन मीटर, तिथे सेटर, म्हणजे लिफ्ट देणारी मुलगी, उभी. उंची नेटच्या वर दीड-दोन मीटर. यापेक्षा कमी उंचीचा पास सेटरला पोचायला वेळ देत नाही, जास्त उंचीचा पास वाऱ्यात भरकटतो.

दोन सामन्यांच्या मध्ये तीन तास होते. सरांनी स्मॅशचा विषयच काढला नाही. पाच मुलींची डब्ल्यू रचना पुन्हा मांडली. सेटर नेटला, पुढच्या तिघी नेटपासून पाच मीटरवर, मागच्या दोघी सव्वासात मीटरवर, पुढच्यांच्या मधल्या फटीत. नियम दोनच. पुढच्या मुलीच्या छातीच्या वर आलेला चेंडू तिने सोडायचा, तो मागचीचा. आणि ‘माझा’ ही हाक चेंडू नेट ओलांडण्याआधी. चेंडू आल्यावर दिलेली हाक निरुपयोगी असते, कारण तोवर दोघी हललेल्या असतात किंवा दोघी थांबलेल्या. या वयात सर्वाधिक गुण दोघींच्या मधल्या फटीत जातात, आणि दोघींनाही चेंडू घेता आला असता.

वही मॅडमकडे होती. प्रत्येक रिसेप्शनला तीन, दोन, एक किंवा शून्य. सेटर जागेवरून न हलता सगळीकडे लिफ्ट देऊ शकते तो तीनचा पास. दोन-तीन पावलं चालावं लागलं, पण फटका मिळतो, तो दोन. चेंडू नुसता पलीकडे परत जातो तो एक. थेट गुण गेला तो शून्य. समजा वीस रिसेप्शनमध्ये सहा वेळा तीन, सात वेळा दोन, चार वेळा एक आणि तीन वेळा शून्य आले, तर बेरीज ३६ आणि सरासरी १.८. दोनच्या आसपास सरासरी असली की शालेय पातळीवर सेट हातात राहतो. दीडच्या खाली गेली की कितीही चांगली अटॅकर असली तरी तिच्यापर्यंत चेंडूच पोचत नाही. ही वही सामना सुरू असतानाच कामाची असते. कोणत्या मुलीवर शून्य वाढतायत ते दिसतं आणि तिला दोघींच्या मध्ये झाकता येतं.

दुसरा सामना संघाने जिंकला, तीन सेटमध्ये. तिसरा सेट १५ चा, आठव्या गुणावर बाजू बदल. त्यात बदललेली गोष्ट एकच, ती सर्व्हिस. पहिल्या सामन्यात मुली नेट पार करण्यासाठीच सर्व्हिस करत होत्या, आता जागा बघून. ओव्हरहँड सर्व्हिस नेटमध्ये जाते त्याचं कारण बहुतेकदा ताकद नसतं, टॉस, म्हणजे मारण्याआधी चेंडू वर टाकणं, असतं. चेंडू डोक्याच्या मागे गेला की अंगाचं वजन फटक्यात येत नाही. टॉस मारणाऱ्या हाताच्या खांद्यासमोर, एक पाऊल पुढे आणि हातापासून अर्धा-पाऊण मीटर वर, एवढाच. फ्लोटरसाठी तळव्याच्या टाचेने चेंडूच्या मध्यावर टक् करून मारायचं आणि हात तिथेच थांबवायचा. चेंडू फिरता कामा नये. शिट्टीनंतर आठ सेकंद असतात. घाई करणाऱ्या मुलींना चेंडू एकदा आपटून मगच मारायची सवय लावावी. आणि जिला ओव्हरहँड अजून जमत नाही तिने अंडरहँड सर्व्हिस बिनदिक्कत करावी. कोपऱ्यात पडलेली अंडरहँड नेटमध्ये गेलेल्या ओव्हरहँडपेक्षा लाख पटीने बरी.

खाण्याचं: सामन्याच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा पोळी-भाजी, तासभर आधी केळं, सामन्यांच्या मध्ये राजगिऱ्याचा लाडू आणि मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. मिसळ शेवटच्या सामन्यानंतर. तर्रीने पोट जड होतं आणि उडी मारताना घशाशी येतं.

तिसरा दिवस, शनिवार: लाकडी तळ

शनिवारचा साखळी सामना बंदिस्त सभागृहात. मुरमावर शिकलेल्या संघाला इथे तीन गोष्टी छळतात.

पहिली, दिवे. वर बघितलं की चेंडू दिव्यात हरवतो. त्यामुळे वॉर्मअपमध्ये प्रत्येक जागेवरून पाच-सहा उंच चेंडू झेलून कुठे दिवा आड येतो ते बघून घ्यायचं. छताला चेंडू लागला की आऊट, हे बाहेर खेळणाऱ्यांच्या ध्यानात नसतं.

दुसरी, बूट. सोलमध्ये मुरूम अडकलेला असला की लाकडावर पाय सरकतो आणि तळही खरवडतो. आदल्या रात्री सोल ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे, दाराशी पुन्हा पुसायचे. शक्य असेल तर गम सोलचे बूट फक्त आतच वापरावेत.

तिसरी, डाइव्ह. मुरमावर कुणी डाइव्ह मारत नाही, कोपरं सोलतात. परिणाम असा की मुली चेंडूच्या मागे तीन पावलं जातात आणि थांबतात. लाकडावर चौथं पाऊल हे डाइव्हचं असतं. ते एका दिवसात येत नाही, पण सुरुवात करता येते. खाली बसूनच पुढे सरकायचं, चेंडू उचलायचा, मग तळहात, मग छाती, हनुवटी वर. उंचावरून पडलं की हनुवटी फुटते. गुडघा आधी टेकवणं चुकीचं, नीपॅड असला तरी.

सामना झाल्यावर दुपारी वरिष्ठ महाविद्यालयाच्या मुलींशी मैत्रीपूर्ण सराव सामना होता. खरं शिक्षण इथे झालं. कॉलेजच्या संघात रिसेप्शनला तिघीच उभ्या होत्या, त्यातली एक लिबेरो. तिघींत नऊ मीटर वाटून घेतले की मधल्या फटी दोनच उरतात, आणि बाकीच्या मुली अटॅकसाठी मोकळ्या होतात. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा तिघीही तीन मीटरचा पट्टा पायांनी झाकू शकतात. शालेय संघाने त्यांचं बघून थेट तिघींवर जाऊ नये. आधी चौघी, मग तिघी. तसंच पाच-एक पद्धतीचं. एकच सेटर सहाही रोटेशनमध्ये (सर्व्हिस मिळवल्यावर एक-एक जागा फिरताना) लिफ्ट देते, त्यातल्या तीन रोटेशनमध्ये ती मागून पळत येते. पास दोनच्या खाली असेल तर ती पोचतच नाही. कराडच्या संघाने चार-दोन ठेवलं, म्हणजे दोन सेटर, त्यातली पुढच्या रांगेतली लिफ्ट देणारी. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. या पासवर हीच पद्धत चालते.

कॉलेजच्या मुलींचं आणखी एक बघण्यासारखं होतं. त्या उडीनंतर दोन्ही पायांवर उतरत होत्या, गुडघे वाकवून, गुडघा अंगठ्याच्या रेषेत. मुलींमध्ये उतरताना गुडघे आत वळण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि उड्यांच्या खेळात गुडघ्यातला पुढचा लिगामेंट फाटण्याचा धोका मुलांपेक्षा मुलींना जास्त असतो. खोक्यावरून उतरून गोठल्यासारखं थांबायचं, समोर आरसा किंवा मोबाईलचा कॅमेरा, असा दहा मिनिटांचा सराव आठवड्यातून तीनदा केला तरी उतरण्यात फरक दिसू लागतो.

घोट्याचं दुखणं नेटखाली होतं. सेंटरलाइनवर पाय पूर्ण पलीकडे गेला तरच फॉल्ट, थोडा गेला तर चालतो. त्याच मधल्या पट्ट्यात अटॅकर उतरते आणि समोरच्या ब्लॉकरच्या पायावर पाय पडतो. म्हणून लिफ्ट नेटला चिकटून न देता अर्धा-पाऊण मीटर दूर द्यायची. मुरगळलंच तर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उंच. पहिले दोन दिवस चोळणं किंवा शेकणं नाही. चार पावलं टाकता येत नसतील तर सामना विसरून एक्सरे. बोट मुचकलं तर ओढायचं नाही, शेजारच्या बोटाला टेपने बांधायचं.

संध्याकाळी वर्गखोलीत नियमांची उजळणी झाली, आणि ती गरजेची होती. मुली यूट्यूबवर अमेरिकेतले कॉलेजचे सामने बघतात. बघावेत, जरूर बघावेत. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्काच्या मेमोरियल स्टेडियममध्ये मुलींच्या कॉलेज सामन्याला ९२,००३ प्रेक्षक होते, हे आपल्या मुलींना कळायलाच हवं. पण तिथले नियम वेगळे आहेत. तिथे लिबेरोला एका रोटेशनमध्ये सर्व्हिस करता येते, आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लिबेरो सर्व्हिस करत नाही. तिथे कॉलेजला सेटमध्ये १५ बदल, हायस्कूलला १८, आपल्याकडे सहा. २०२४ पासून त्यांच्या कॉलेज स्पर्धांत दुसऱ्या स्पर्शाला डबल टच दिला जात नाही, चेंडू आपल्याच बाजूला राहिला तर. आपले पंच तो देतात. पहिल्या स्पर्शाला मात्र एकाच हालचालीत चेंडू दोनदा अंगाला लागला तरी चालतो, हे सेटरने आणि सर्वांनी लक्षात ठेवावं, म्हणजे जोरात आलेली सर्व्हिस बोटांनी घ्यायची भीती जाते.

त्याआधी बालेवाडीची धावती भेट झाली होती. म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ मध्ये इथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा. बाहेरून बघून मुलींना त्याची भव्यता कळली. शहरातून जायला-यायला वाहतुकीत फार वेळ जातो, सामन्याच्या दिवशी ही भेट ठेवायची असेल तर सराव सामन्यानंतर लगेच निघावं.

चौथा दिवस, रविवार: बाद फेरी आणि परतीची गाडी

उपांत्य फेरी. लाइनअप शीट सरांनी आदल्या रात्रीच लिहून ठेवली होती. सर्वांत चांगली सर्व्हिस असलेली मुलगी एक नंबरवर, म्हणजे आपली सर्व्हिस असेल तर तीच पहिली. रिसेप्शन आपल्याकडे असेल तर मात्र पहिलं रोटेशन फिरून दोन नंबरची मुलगी सर्व्हिसला येते, त्यामुळे तेव्हा तिला दोन नंबरवर लिहायचं. टॉसनंतर शीट देण्याआधी हा बदल करायला वेळ असतो, आणि बरेच प्रशिक्षक तो करत नाहीत.

पहिला सेट संघाने घेतला. दुसऱ्यात सलग पाच गुण गेले आणि त्यातले दोन रोटेशनच्या चुकीने. डब्ल्यूमध्ये उभं राहताना मागची मुलगी आपल्या समोरच्या पुढच्या मुलीच्या पुढे गेली. उपाय म्हणजे प्रत्येकीने दोनच नावं पाठ करायची: माझ्या समोर कोण, माझ्या शेजारी कोण. सहा नंबरांचा तक्ता दडपणाखाली कुणाला आठवत नाही.

टाइमआउट सेटला दोन, तीस सेकंदांचे. पाच गुण जाईपर्यंत थांबणं उशिराचं होतं, तिसऱ्या गुणाला घ्यायला हवा होता. तीस सेकंदांत एकच गोष्ट सांगता येते. त्या टाइमआउटला सरांनी सेटरला एवढंच सांगितलं की दुसरा चेंडू कितीही वाईट आला तरी चार नंबरला, म्हणजे डाव्या पुढच्या बाजूला, उंच दे. ते बरोबर होतं. सर्व्हिससाठी आणलेली बदली खेळाडू एका जोडीत दोन बदल खाते. मूळ मुलगी बाहेर गेली की एकदाच परत येऊ शकते आणि तीही त्याच बदली खेळाडूच्या जागी. दुसऱ्या सेटमध्ये बदल संपले आणि दमलेल्या मधल्या ब्लॉकरला बसवता आलं नाही. सेट २३-२५ गेला, तिसरा ११-१५. वहीत रिसेप्शनची सरासरी शुक्रवारच्या पहिल्या सामन्यात १.३ होती, रविवारी १.९.

प्रमाणपत्र हातात आल्याबरोबर तिथेच उभं राहून वाचायचं. नाव, जन्मतारीख, वयोगट, स्पर्धेचा स्तर, दिनांक, सही, शिक्का. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांसाठी शासनमान्य स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, निमंत्रित स्पर्धेचं चालत नाही. पालकांना हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर गैरसमज होत नाही. पण निवड चाचणीला जाताना अशी प्रमाणपत्रंही फाइलमध्ये असावीत.

परतीच्या वाटेवर लक्ष्मी रस्त्यावर थोडी खरेदी, बाकरवडी, आणि ठरल्याप्रमाणे मिसळ. स्वारगेटहून संध्याकाळची गाडी. रात्री उशिरा पोचणार म्हणून पालकांना पोचण्याची वेळ खंबाटकी ओलांडल्यावर कळवली. स्वारगेटहून सांगितलेली वेळ कात्रजच्या गर्दीत चुकते.

सोमवारी मैदानावर उड्या नाहीत. बूट धुणं, चेंडूंची हवा थोडी कमी करून ठेवणं, फाटलेले नीपॅड वेगळे काढणं. मंगळवारपासून पाच नंबरच्या कोपऱ्यात प्रत्येकीला रोज पन्नास सर्व्हिस, दोन सर्व्हर आळीपाळीने, आणि वही मॅडमकडे.